प्रस्तावना: कुठला फरक मोजायचा

या पुस्तकातले प्राणी काही मिलिमीटरांचे आहेत आणि ते भर समुद्रात राहतात. पुस्तक मात्र लिहिलं गेलंय भोसरी ते चाकण या पट्ट्यात, सह्याद्रीच्या अलीकडे, जिथं खारा वारासुद्धा पोचत नाही. त्यामुळे विषय कानावर पडला की इथला माणूस हटकून विचारतो, "जेलीफिशचं आपल्याला काय करायचंय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यायचं म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे.

थोडक्यात सांगायचं तर हे पुस्तक जेलीफिशच्या सौंदर्याबद्दल नाही, तिची ओळख पटवण्याबद्दल आहे. समोर आलेला प्राणी कोणता, हे कशावरून ठरवायचं? आजवर कुणी नोंदवलेला नसेल तर त्याचं वर्णन कसं लिहायचं? आणि ते असं कसं लिहायचं, की शंभर वर्षांनी, परक्या देशात, वेगळ्याच बरणीतला प्राणी समोर ठेवून एखाद्या अनोळखी माणसाला 'हाच तो' किंवा 'हा नव्हे' असं छातीठोकपणे म्हणता यावं? हे काम जगात मोजकीच माणसं करतात. त्याला लागणारी नजर मात्र या औद्योगिक पट्ट्यात शिफ्टमागून शिफ्ट वापरली जाते. ते कसं, हे पुढे येईलच. आधी प्राणी कोणते ते पाहू.

जेलीफिश म्हटलं की मुंबईकराला गिरगाव चौपाटी आठवते. गणपती विसर्जनाच्या दिवसांत पाण्यात उतरलेल्यांना डंख बसल्याच्या बातम्या येतात. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर 'ब्लू बॉटल' म्हणजे फिजालिया येऊन पडते, कोकणच्या किनाऱ्यावर पोर्पिताच्या निळ्या चकत्या दिसतात. या दोघी खरं तर भर समुद्राच्याच, वाऱ्यानं किनाऱ्याला लागलेल्या. पण त्या पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वसाहती आहेत. एकेक 'प्राणी' म्हणजे अनेक जीवांचा एकत्र संसार. या पुस्तकात घेतल्या आहेत त्या एकेकट्या पोहणाऱ्या, पारदर्शक, बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणाऱ्या जेलीफिश. त्यांना डंख असतो, पण तो माणसासाठी नव्हे, सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि माशांची पिल्लं पकडण्यासाठी.

यांचा मोठा गट हायड्रोझोआ. शाळेच्या पुस्तकात निडारिया संघाच्या धड्यात हायड्राचं चित्र असतं, त्याच्याच या नातलग. ओळखण्याची पहिली खूण छत्रीच्या काठाशी असते. काठापासून आतल्या बाजूला एक पातळ पडदा वळलेला असतो. छत्री आक्रसली की पाणी या पडद्यानं अरुंद केलेल्या तोंडातून जोरात बाहेर पडतं आणि प्राणी उसळी मारून पुढे जातो. किनाऱ्यावर दिसणाऱ्या ताटाएवढ्या जेलीफिशला हा पडदा नसतो. म्हणजे एका पडद्यावरून आपण अर्धं काम उरकलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या आयुष्यक्रमाची. बहुतेक जेलीफिशच्या आयुष्यात दोन अवस्था असतात. एक पोहणारी, छत्रीच्या आकाराची. दुसरी खडकाला किंवा शिंपल्याला चिकटून राहणारी, दंडाकृती, म्हणजे पॉलिप. पॉलिपला टेकायला जागा लागते. भर समुद्रात तळ तीन-चार हजार मीटर खाली असतो. तिथं टेकणार कुठं? म्हणून ट्रॅकिमेड्युसी आणि नार्कोमेड्युसी या दोन गटांतल्या जेलीफिशनी पॉलिपची अवस्थाच गाळली आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू थेट छोटी जेलीफिश होतं. किनाऱ्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही, म्हणून त्या तीनही महासागरांच्या उष्ण पाण्यात पसरू शकल्या. आणि म्हणूनच त्यांची ओळख पटवणं अवघड झालं. त्यांना गाव नाही, ठराविक खडक नाही, 'अमुक खाडीतली' असं म्हणण्याची सोय नाही. ओळखायचं ते फक्त शरीरावरून.

आता एकीकडे जरा जवळून पाहू. अग्लाऊरा हेमिस्टोमा ही या पुस्तकातली पहिली प्रजाती. उंची फार तर सहा मिलिमीटर, रुंदी चार. काचेच्या वाटीत समुद्राचं पाणी घेऊन ती त्यात सोडली, तर पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या वाटीत काहीच नाही असं वाटतं. खाली काळा कागद सरकवला आणि बाजूनं दिवा धरला की ती उगवते. कडा उभ्या, माथा सपाट, वरून पाहिलं तर गोल नव्हे, किंचित अष्टकोनी. माथ्याच्या आतल्या बाजूनं एक बारीक दांडा खाली लोंबतो आणि त्याच्या टोकाला छोटंसं जठर, त्याला चार साधे ओठ. माथ्यावरून काठाकडे आठ नलिका उतरतात. जठराच्या जरा वर, दांड्यालाच, आठ लांबट जननग्रंथी लटकलेल्या असतात. काठावर अनेक शुंडकं असतात, असं म्हणायचं. प्रत्यक्षात जाळ्यातून वर आलेल्या प्राण्याच्या काठावर बहुतेक वेळा त्यांचे मोडके बुंधेच दिसतात. बुंध्यांच्या मधे तोल सांभाळणारी आठ सूक्ष्म इंद्रियं, तीही अर्धी गळलेली.

या वर्णनात एक बाब अशी आहे की ती चुकली तर सगळंच चुकतं. जननग्रंथी आठच आहेत आणि त्या दांड्याला लागलेल्या आहेत, ही ती बाब. याच ग्रंथी छत्रीच्या आतल्या बाजूला नलिकांवरून लोंबत असतील, तर प्राणी अग्लाऊरा नाही, थंड उत्तरेकडच्या पाण्यातली अग्लांथा आहे. आठांऐवजी समोरासमोरच्या दोनच असतील तर ती पर्सा. आकार, पारदर्शकता, हालचाल हे सगळं तिघींत सारखं वाटू शकतं. आणि शुंडकांची संख्या, जी नवशिक्याला सर्वांत आधी मोजावीशी वाटते, ती जवळपास निरुपयोगी, कारण ती मोडतात आणि वयानुसार वाढतात.

इथंच भोसरी-चाकणचा संबंध येतो. एखाद्या पुर्जे बनवणाऱ्या कारखान्यात इनकमिंग इन्स्पेक्शनला बसलेला माणूस ड्रॉइंग समोर ठेवतो. ड्रॉइंगवर चाळीस मापं असतील, पण त्यातली चार-पाच क्रिटिकल. तीच आधी बघायची. रंगात किंचित फरक असेल तर सोडून द्यायचा. बोअरचा व्यास टॉलरन्सबाहेर असेल तर माल परत. शंका आली तर कपाटातला मास्टर पीस काढून शेजारी ठेवायचा. प्रजातीचं वर्णन नेमकं हेच असतं. क्रिटिकल मापांना इथं निदान-लक्षणं म्हणतात आणि मास्टर पीसला होलोटाइप, म्हणजे संग्रहालयातल्या बरणीतला तो एकच नमुना, ज्याच्या आधारानं नाव ठेवलं गेलं. वाद झाला तर तो कागदावर नव्हे, त्या बरणीपुढे मिटतो. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे: कारखान्यात ड्रॉइंग आधी येतं आणि पुर्जा नंतर. निसर्गात पुर्जा आधी समोर येतो, ड्रॉइंग कुणीच दिलेलं नसतं, आणि टॉलरन्स किती हे सांगणाराही कुणी नसतो. ते आपणच शोधून काढायचं असतं, आणि तेही एक नमुना पाहून नव्हे, शेकडो नमुने पाहून.

टॉलरन्स न कळता ड्रॉइंग काढलं की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे लिरिओपी टेट्राफिला. ही अग्लाऊरापेक्षा मोठी, तीन सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. जठर एका लांब दांड्याच्या टोकाला, इतक्या लांब की ते छत्रीबाहेर लोंबतं. चार मुख्य नलिका, त्यांवर पानासारख्या चपट्या चार जननग्रंथी. त्या नलिकांच्या मधल्या जागेत काठाकडून माथ्याकडे जाऊ पाहणाऱ्या आणि मधेच संपणाऱ्या आणखी काही आंधळ्या नलिका. हिचं पहिलं वर्णन १८२१ मध्ये आडेलबर्ट फॉन शामिसो आणि आयझेनहार्ट यांनी केलं. शामिसो जर्मन साहित्यात कवी म्हणून ओळखला जातो. १८१५ ते १८१८ या काळात तो 'रूरिक' या रशियन जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून जगप्रदक्षिणेला गेला होता.

पुढच्या शतकभरात लिरिओपी ठिकठिकाणी सापडत गेली आणि प्रत्येक जण नवं नाव देत गेला. कुणाच्या नमुन्यात जननग्रंथी गोल होत्या, कुणाच्या त्रिकोणी, कुणाच्या हृदयाच्या आकाराच्या. आंधळ्या नलिका कुठं एक, कुठं तीन, कुठं त्याहून जास्त. एर्न्स्ट हेकेलनं १८७९ मध्ये 'जेलीफिशची पद्धतशीर मांडणी' करणारा मोठा ग्रंथ काढला. त्यातली चित्रं आजही पाहत राहावीत अशी आहेत, पण त्यानं मान्य केलेल्या कित्येक प्रजाती पुढे टिकल्या नाहीत. कारण साधं होतं. जननग्रंथीचा आकार प्राण्याच्या वयानुसार आणि पक्वतेनुसार बदलतो, आंधळ्या नलिका वाढीबरोबर वाढत जातात. हे फरक खरे होते, मोजमाप अचूक होतं, तरी निष्कर्ष चुकीचा होता. कोपनहेगनच्या संग्रहालयातला पॉल लासेनियस क्रांप यानं जगभरचे नमुने शेजारी शेजारी मांडून पाहिले. १९६१ मध्ये निघालेल्या त्याच्या 'जगातल्या मेड्युसांचा आढावा' या ग्रंथात ही सगळी नावं एका प्रजातीखाली जमा झाली आणि सर्वांत जुनं नाव कायम राहिलं.

म्हणून या पुस्तकाचा एकच आग्रह आहे, आणि तो प्रत्येक प्रकरणात वेगवेगळ्या प्राण्यांच्या निमित्तानं पुन्हा भेटेल: फरक दिसणं म्हणजे ओळख पटणं नव्हे. कुठला फरक मोजायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे कळणं म्हणजे ओळख.

आता आपल्याकडची गोष्ट. ती भर समुद्रातली नाही, पण जेलीफिशची ओळख आणि वर्णन यांचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण तीच आहे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मूळचे मालवणचे, जन्म १८८४. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले, वनस्पतिशास्त्रात रमलेले. सह्याद्रीत भटकताना सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या वेण्णा आणि कोयना या नद्यांच्या पाण्यात त्यांना एक छोटी जेलीफिश आढळली. पाऊस सुरू होण्याआधीच्या कोरड्या दिवसांत, नदीचा प्रवाह थांबून डोह साचतात, अशा पाण्यात. गोड्या पाण्यातली जेलीफिश ही त्या काळी जगातच दुर्मिळ गोष्ट होती.

त्यांनी जे केलं ते महत्त्वाचं. कोकणातला माणूस होता, जेलीफिश म्हणजे काय हे त्याला ठाऊक असणार. तरी त्यानं स्वतः घाईनं नाव देऊन टाकलं नाही. नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन ॲनन्डेल यांच्याकडे पोचले. ॲनन्डेल हे त्या वेळी गोड्या पाण्यातल्या भारतीय स्पंजांचे आणि हायड्रासारख्या प्राण्यांचे जाणकार होते. त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक १९११ मध्येच 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत आलं होतं. १९११-१२ च्या सुमारास या प्राण्याचं वर्णन आणि त्याबद्दलच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, 'नेचर'मध्येही आल्या. नाव पडलं लिम्नोक्निडा इंडिका.

हे नाव का, हे समजून घेण्यासारखं आहे. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचे तेव्हा दोन वंश ठाऊक होते. एक क्रॅस्पेडाकुस्टा, जी १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या बागेत, महाकमळ वाढवण्याच्या कुंडात अचानक दिसली होती. दुसरा लिम्नोक्निडा, जी १८८३ मध्ये आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात जर्मन प्रवासी ब्यॉम याला दिसली. दोघींत अनेक बारीक फरक आहेत, पण पहिला बघायचा तो जननग्रंथींचा. क्रॅस्पेडाकुस्टामध्ये त्या चार नलिकांवर लटकतात. लिम्नोक्निडामध्ये त्या रुंद जठराच्या भिंतीवर असतात. साताऱ्याच्या प्राण्यात त्या जठरावर होत्या. म्हणजे वंश आफ्रिकेतला. आणि तो आफ्रिकेबाहेर असल्याचं कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्यातून पुढे जे निघालं ते एका डबक्यापुरतं नव्हतं. टांगानिकातली जेलीफिश सापडल्यावर जे. ई. एस. मूर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं असा तर्क मांडला होता, की हे सरोवर म्हणजे एका प्राचीन समुद्राचा आत अडकलेला तुकडा असावा. समुद्रातले जीव त्यात मागे राहिले. त्यानं १९०३ मध्ये त्यावर 'द टांगानिका प्रॉब्लेम' नावाचं पुस्तकच लिहिलं. पण मग त्याच वंशाची जेलीफिश व्हिक्टोरिया सरोवरात सापडली, पश्चिमेकडे नायजर नदीत सापडली आणि अखेर साताऱ्यात. तर्काचा एक खांब निखळला. टांगानिका हा समुद्राचा तुकडा असेल, पण वेण्णा? तिथं समुद्राला अडकायची संधी कधी मिळाली? एका ग्रंथीची जागा नीट पाहिल्यानं एवढा मोठा प्रश्न हलतो. इतर कुठल्या लक्षणावर भिस्त ठेवून तो प्राणी क्रॅस्पेडाकुस्टात टाकला असता, तर ही बातमीच झाली नसती.

आघारकरांचा पुढचा प्रवास वनस्पतिशास्त्रात झाला. कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत अडकले, बर्लिनहून पीएच.डी. घेऊन परतले आणि निवृत्तीनंतर १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या उभारणीला लागले. त्याच संस्थेचं नाव पुढे आघारकर संशोधन संस्था झालं. संस्था आघारकरांची, ती ज्यावर आहे तो रस्ता गोपाळ गणेश आगरकरांचा; दोघांत गल्लत करणारे पुण्यातही भेटतात. ओळख पटवण्याबद्दलच्या पुस्तकात एवढी नोंद खपून जावी.

कोयनेचं खोरं १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं, वेण्णेवरही कण्हेरचं धरण आलं. वाहती नदी आणि उन्हाळी डोह यांची जागा मोठ्या जलाशयांनी घेतली. अशा बदलात कुठला प्राणी टिकला आणि कुठला गेला, हे विचारायचं तर आधी कोण होता हे लिहून ठेवलेलं असावं लागतं. १९११ च्या वर्णनाचा आजचा उपयोग हा आहे.

आता परत भर समुद्राकडे. अरबी समुद्र आणि हिंदी महासागरातल्या छोट्या जेलीफिशबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा एका मोहिमेचा आहे. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची जहाजं आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत उतरली. भारतातर्फे नौदलाची 'किस्तना' ही युद्धनौका कामाला लागली. सगळ्यांच्या नमुन्यांची तुलना व्हावी म्हणून जाळं एकाच मापाचं ठरवलं गेलं: तोंड एक चौरस मीटर, जाळीचं छिद्र एक तृतीयांश मिलिमीटर, ते दोनशे मीटर खोल सोडायचं आणि सरळ वर ओढायचं. ही एकसारखेपणाची शिस्त नसती, तर कुठं किती जेलीफिश होत्या हे सांगताच आलं नसतं.

त्या जाळ्यांत आलेला माल निवडण्यासाठी १९६३ मध्ये कोचीनला इंडियन ओशन बायॉलॉजिकल सेंटर सुरू झालं. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली, तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आलं आणि कोचीनचं केंद्र तिचा भाग बनलं. ब्राझीलच्या मार्ता वानुच्ची या जेलीफिशतज्ज्ञ युनेस्कोतर्फे कोचीनला काम करत होत्या. हिंदी महासागरातल्या हायड्रोमेड्युसांच्या वाटणीवर त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलं आणि व्ही. शांताकुमारी यांच्यासारख्या भारतीय अभ्यासकांनी ते काम पुढे नेलं. हे काम बसून करायचं असतं. एका बरणीतून शेकडो पारदर्शक तुकडे काढायचे, एकेक सूक्ष्मदर्शकाखाली फिरवायचा, तो जेलीफिशचा आहे का दुसऱ्याच कशाचा, हे ठरवायचं. जहाजावरच्या दोन महिन्यांमागे टेबलावरची कित्येक वर्षं जातात.

नमुना जपण्यातही एक कायमची कुचंबणा आहे. जेलीफिशच्या शरीरात पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पाणी असतं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवली तर आकार टिकतो, नलिका आणि ग्रंथी जागच्या जागी राहतात, पण डीएनए खराब होतो. इथेनॉलमध्ये ठेवली तर डीएनए टिकतो, पण प्राणी आक्रसून ओळखीपलीकडे जातो. म्हणून आता शहाणी माणसं एकाच ठिकाणचे नमुने दोन बरण्यांत विभागतात, किंवा एकाच प्राण्याचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये आणि बाकीचा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. त्याहून आधी, तो जिवंत असतानाच फोटो काढून घेतात. डीएनएमुळे जुने वाद मिटतात, नवेही सुरू होतात. दिसायला अगदी एकसारखी आणि तीनही महासागरांत पसरलेली 'एक' प्रजाती खरंच एक आहे का, हा प्रश्न आता नव्यानं विचारता येतो. क्रांपनं जे एकत्र केलं, त्यातलं काही पुन्हा वेगळं होऊ शकतं. त्यानं क्रांप चुकला असं होत नाही. ड्रॉइंगला रिव्हिजन नंबर असतो, तसं हे चालतं.

नावांच्या नियमांबद्दल चार शब्द, कारण पुस्तकात पुढे ते गृहीत धरले आहेत. प्राण्यांच्या नावांची सुरुवात लिनिअसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून धरली जाते. एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर साधारणपणे जुनं टिकतं. लंडनच्या कुंडातल्या जेलीफिशला १८८० च्या जून महिन्यात लँकेस्टर आणि ऑलमन या दोन नामवंतांनी काही दिवसांच्या अंतरानं वेगवेगळी नावं दिली, लँकेस्टरचं टिकलं. तिचाच पॉलिप अमेरिकेत सापडला, तेव्हा त्याला वेगळाच प्राणी समजून तिसरं नाव दिलं गेलं. १९३० नंतर नुसतं नाव छापून चालत नाही, प्रजाती इतरांपासून कशानं वेगळी ते लिहावंच लागतं. १९९९ नंतर होलोटाइप किंवा त्याच्या जागी मूळ नमुने कोणते ते स्पष्ट सांगावंच लागतं. आणि नावापुढे लेखकाचं नाव कंसात दिसलं, जसं लिरिओपीपुढे (शामिसो आणि आयझेनहार्ट, १८२१), तर समजायचं की त्यांनी ती प्रजाती दुसऱ्या वंशात ठेवली होती, नंतर हलवली गेली. अग्लाऊरा हेमिस्टोमापुढचं 'पेरों आणि लेस्युअर, १८१०' कंसाबाहेर असतं. दोनशे वर्षांत तिला घर बदलावं लागलेलं नाही.

पिंपरीला हा नावं ठेवण्याचा उद्योग अगदीच परका आहे, असंही नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना इथं १९५० च्या दशकात पेनिसिलिनसाठी उभा राहिला. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते तयार करणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. मातीतला जिवाणू, गावाचं नाव लॅटिन वळणानं. कुणीतरी ताटलीवरच्या वसाहती तासन्‌तास पाहून, 'हा आधीच्यांपैकी नाही' असं ठरवल्याशिवाय हे घडत नाही.

पुस्तकाची मांडणी आता सांगतो. पहिल्या भागात साधनं आणि सवयी आहेत: नमुना कसा बघायचा, कसा जपायचा, काय मोजायचं. दुसऱ्या भागात हिंदी महासागरात भेटणाऱ्या निवडक छोट्या प्रजाती, प्रत्येकीचं वर्णन एकाच क्रमानं: छत्री, पडदा, दांडा, नलिका, जननग्रंथी, तोल-इंद्रियं, शुंडकं. शुंडकं मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. प्रत्येक वर्णनाच्या शेवटी 'कशाशी गल्लत होते' असा परिच्छेद आहे, आणि माझ्या मते तोच पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग आहे. तिसऱ्या भागात गोड्या पाण्यातल्या जेलीफिश, लिम्नोक्निडा आणि क्रॅस्पेडाकुस्टा. हा भाग घाटाच्या या अंगाला राहणाऱ्यांसाठी विशेष. इंद्रायणी आणि भामा भीमेला मिळतात, पवना मुळा-मुठेमार्गे तिथंच जाते आणि भीमा पुढे कृष्णेला. म्हणजे चाकणच्या आसपासचं पाणी आघारकरांच्या वेण्णा-कोयनेच्याच खोऱ्यातलं आहे. मावळातल्या किंवा खेडच्या एखाद्या स्वच्छ जलाशयात पावसाआधी पोहणारी पारदर्शक टिकली कुणाला दिसली, तर तिला प्लॅस्टिकचा तुकडा समजून सोडून देऊ नये.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. नमुना समोर आला की नावाकडे धावू नका. वंशापर्यंत खात्री असेल तर वंश लिहा आणि थांबा. तेवढीही नसेल तर 'ट्रॅकिमेड्युसी, पुढे अनिश्चित' असं लिहा. संग्रहालयांच्या नोंदवह्यांत अशा अर्ध्या नोंदी भरपूर आहेत आणि त्या लाजिरवाण्या नाहीत. चुकीचं पूर्ण नाव मात्र एकदा छापलं गेलं की दहा याद्यांत उतरतं आणि ते पुसायला पिढी जाते. नाव नंतरही देता येतं, दुसऱ्या कुणालाही देता येतं. मापं मात्र प्राणी शाबूत असतानाच घ्यावी लागतात, आणि जेलीफिश फार वेळ शाबूत राहत नाही. म्हणून पहिलं प्रकरण नावांपासून सुरू होत नाही. ते सुरू होतं मोजपट्टी, बाजूचा दिवा आणि काळा कागद यांच्यापासून.